पहिला हंगाम : नाव गावाचे, संघ मालकाचा!

एखादी नवी लीग सुरू झाली की क्रीडापानांवर पहिल्या हंगामाचा एकच हिशेब मांडला जातो. चषक कोणी उचलला, किती लाख लोकांनी टीव्हीवर सामने पाहिले, कोणता सिनेनट मैदानात येऊन गेला. आपल्याला वेगळा हिशेब मांडावा लागतो. संघ कोणाच्या मालकीचा? मैदान कोणाच्या पैशाचे? खेळाडू कोणत्या गावातून आले? आणि सगळे आत गेल्यावर दाराबाहेर कोण उभे राहिले?

हे प्रश्न विचारण्याचा सर्वात मोठा अधिकार धाराशिव जिल्ह्याला आहे. २०१८ साली नीती आयोगाने देशातील मागास जिल्ह्यांची 'आकांक्षित जिल्हे' म्हणून यादी केली. तेव्हाचा उस्मानाबाद म्हणजे आजचा धाराशिव त्या यादीत आहे. पाऊस कमी, उद्योग नाहीत, हंगाम आला की ऊसतोडीला बिऱ्हाड हलवणारी माणसे. पण याच जिल्ह्याच्या मातीने देशाला खो-खोच्या दर्जेदार खेळाडू दिल्या. 'दिल्या' हे क्रियापद मुद्दाम स्त्रीलिंगी आहे, कारण धाराशिवचे नाव खो-खोत गाजवले ते प्रामुख्याने मुलींनी. आणि या खेळात प्रथमच कोट्यवधींचा पैसा आला, तेव्हा नेमक्या त्याच मुली बाहेर राहिल्या.

त्याकडे वळण्यापूर्वी आपल्या राज्यातील आणखी दोन पहिले हंगाम तपासू. म्हणजे ही एका लीगची चूक नसून ठरलेली पद्धत आहे, हे लक्षात येईल.

पुण्याच्या नावाचे दोन संघ

मार्च २०१० मध्ये सहारा समूहाने आयपीएलमध्ये पुण्याचा नवा संघ ३७ कोटी डॉलर्सना, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे १,७०० कोटी रुपयांना विकत घेतला. २०११ चा हंगाम 'पुणे वॉरियर्स इंडिया'चा पहिला हंगाम. १४ सामन्यांपैकी ४ जिंकले आणि दहा संघांत नववा क्रमांक आला. नवा संघ हरतो, त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. लाजेची गोष्ट वेगळीच होती. ज्या शहराच्या नावावर संघ विकला गेला, त्या शहरात त्याला स्वतःचे मैदानच नव्हते. गहुंजेचे मैदान तयार नसल्याने घरचे सामने नवी मुंबईत झाले. पुढे २०१३ मध्ये पैशांवरून मालक आणि क्रिकेट मंडळात वाद झाला आणि संघ संपला. पुण्याला कोणी विचारून संघ दिला नव्हता आणि काढून घेतानाही कोणी विचारले नाही.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. २०११ साली अमेरिकी गुंतवणूकदारांनी 'एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया' जाहीर केली. हे फुटबॉल आपले नव्हे. खांद्यावर चिलखत, डोक्यावर शिरस्त्राण आणि हातात लांबट चेंडू घेऊन खेळला जाणारा अमेरिकेचा फुटबॉल. माइक डिटका, कर्ट वॉर्नर यांच्यासारखी अमेरिकी फुटबॉलमधील मोठी नावे या लीगच्या पाठीशी होती. महाराष्ट्राच्या वाट्याला 'पुणे मराठाज' आणि 'मुंबई ग्लॅडिएटर्स' हे संघ आले. २०१२ चा पहिला हंगाम टीव्हीसाठी चित्रित झाला तो श्रीलंकेत, कोलंबोच्या मैदानावर. विजेतेपद पुणे मराठाजने मिळवले. म्हणजे पुण्याच्या नावाचा संघ विजेता ठरला आणि पुण्यातल्या माणसाने तो आपल्या मैदानावर पाहिलाही नाही! लीगचा गाजावाजा त्या पहिल्या हंगामाबरोबरच ओसरला. ज्या तरुणांनी अनोळखी खेळ शिकून, अंगावर मार झेलून ते सामने खेळले, त्यांच्या पुढच्या आयुष्याची जबाबदारी मात्र कोणीही घेतली नाही.

या दोन्ही हंगामांत गावाचे नाव ही केवळ विक्रीची पाटी होती.

अमेरिकेकडून उचलायचे ते उचलले नाही

गंमत अशी की, आपल्याकडील लीगवाले अमेरिकेकडून रोषणाई उचलतात, नाचगाणी उचलतात, संघांची आक्रमक नावे उचलतात. तिथला जो भाग खरोखर उचलण्यासारखा आहे, तो मात्र तिथेच ठेवून येतात.

अमेरिका हा भांडवलशाहीचा बालेकिल्ला. पण तिथल्या राष्ट्रीय फुटबॉल लीगने दुबळ्या संघाला विशेष संधी देण्याचा नियम १९३६ पासून पाळला आहे. नव्या खेळाडूंची निवड करताना मागच्या हंगामात जो संघ तळाला राहिला, त्याला पहिली निवड मिळते आणि विजेत्याची पाळी सर्वात शेवटी येते. टीव्हीच्या राष्ट्रीय कराराचा पैसा १९६० च्या दशकापासून सर्व संघांत समान वाटला जातो. १९९४ पासून प्रत्येक संघाच्या एकूण वेतनखर्चावर मर्यादा आहे. आरक्षण म्हटले की गुणवत्तेच्या नावाने गळा काढणाऱ्यांनी हे नीट वाचावे. मागे राहिलेल्याला आधी संधी दिली नाही तर स्पर्धाच उरत नाही, हे तिथल्या धनदांडग्यांनाही व्यवहार म्हणून कळले.

याचा परिणाम काय झाला, तेही पाहू. १९७६ साली 'टॅम्पा बे बकनियर्स' हा नवा संघ त्या लीगमध्ये आला. पहिल्या हंगामातील १४ पैकी १४ सामने तो हरला. पराभवांची ही मालिका दुसऱ्या हंगामातही चालू राहून २६ सामन्यांपर्यंत गेली. देशभर टिंगल झाली. पण नवा संघ म्हणून १९७६ ची पहिली निवड त्याच्या वाट्याला आली होती आणि त्याने शेतकरी कुटुंबातील ली रॉय सेल्मन हा कृष्णवर्णीय खेळाडू निवडला होता. पुढील वर्षांतही नियमाने त्याला आधार दिला. १९७९ मध्ये हाच संघ अंतिम सामन्यापासून केवळ एक पायरी दूर होता. तळातल्याला वर येण्यासाठी दयेची गरज नसते. नियम लागतो आणि तो पाळला जावा लागतो.

अर्थात, त्या लीगलाही डोक्यावर घेण्याचे कारण नाही. तिथले बहुसंख्य खेळाडू कृष्णवर्णीय आहेत. पण एखाद्या संघाचा मुख्य मालक कृष्णवर्णीय असल्याचे उदाहरण आजवर नाही. मुख्य प्रशिक्षकाच्या जागेसाठी अल्पसंख्याक समूहातील उमेदवाराची मुलाखत तरी घ्या, एवढे सांगायला २००३ मध्ये वेगळा नियम करावा लागला. संघासंघांत समता आली, मालकीत आली नाही. घाम एका समाजाचा आणि निर्णय दुसऱ्याचा, हे चित्र आपल्याला ओळखीचे आहे.

आपल्याकडे पळवणकर बाळू हे त्याचे पहिले मोठे उदाहरण. पुण्यात इंग्रजांच्या मैदानाची निगा राखणाऱ्या, चर्मकार समाजात जन्मलेल्या या माणसाने आपल्या फिरकीने भल्याभल्यांना नाचवले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. हिंदूंच्या संघाला त्यांची गोलंदाजी हवी होती, पण मैदानाबाहेर चहा वेगळ्या मातीच्या भांड्यात दिला जाई. मुंबईच्या गाजलेल्या स्पर्धांत हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले, तेही बऱ्याच झगड्यानंतर. खेळात जात नसते म्हणणाऱ्यांना हा इतिहास ठाऊक नसतो, किंवा ठाऊक असूनही तो नको असतो.

खो-खोचा पहिला हंगाम

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. १४ ऑगस्ट ते ४ सप्टेंबर २०२२ या काळात पुण्याच्या बालेवाडी येथील शिवछत्रपती क्रीडा संकुलात 'अल्टिमेट खो-खो' लीगचा पहिला हंगाम झाला. डाबर उद्योगघराण्यातील अमित बर्मन आणि भारतीय खो-खो महासंघ यांनी मिळून ही लीग उभी केली. सहा संघ होते. गुजरात जायंट्स अदानी समूहाचा, तेलुगू योद्धाज जीएमआरचा, राजस्थान वॉरियर्स कॅप्री ग्लोबलचा, चेन्नई क्विक गन्स केएलओ स्पोर्ट्सचा, मुंबई खिलाडीज पुनीत बालन आणि गायक बादशाह यांचा. सहावा ओडिशा जगरनॉट्स. त्याच्या मालकीत चक्क ओडिशा सरकार होते.

खेळ टीव्हीसाठी बदलला गेला. नऊऐवजी सात मिनिटांचा डाव, मातीऐवजी मॅट, कोणत्याही दिशेने धावण्याची मुभा असलेला 'वजीर', गडी साध्या स्पर्शाने बाद केला तर दोन गुण आणि सूर मारून केला तर तीन. अंतिम सामना थरारक झाला. ओडिशाने तेलुगू योद्धाजला ४६-४५ असे एका गुणाने हरवले. शेवटच्या काही सेकंदांत सूर मारून ओडिशाला जिंकून देणारा सूरज लांडे महाराष्ट्राच्या मैदानांवर घडलेला. हरलेल्या संघाचा कर्णधार प्रतीक वाईकर पुण्याचा. मुंबईच्या नावाचा संघ मात्र पहिल्या चारांतही नव्हता. खेळाडू महाराष्ट्राचे, मैदान महाराष्ट्राच्या सरकारी पैशाचे आणि एक कोटीचे बक्षीस घेऊन गेले ओडिशा!

ओडिशाचा हेवा करण्यापेक्षा त्यांच्याकडून शिकावे. त्या सरकारने २०१८ पासून देशाच्या हॉकी संघांना आर्थिक पाठबळ दिले. खो-खोतही स्वतःचा संघ उतरवला. पुढचा, म्हणजे २०२३-२४ चा हंगाम कटकला नेला. आणि महाराष्ट्र? या खेळाचे नियम पहिल्यांदा विसाव्या शतकाच्या आरंभी पुण्यात बांधले गेले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला दाखवले. त्या महाराष्ट्राचे सरकार पहिल्या हंगामात संकुल देऊन प्रेक्षकांत बसले.

पैशाचेही बोलू. पहिल्या हंगामासाठी १४३ खेळाडू निवडले गेले. वरच्या श्रेणीला ५ लाख आणि खालच्या श्रेणीला १ लाख रुपये असा मोबदला होता. सर्वच्या सर्व १४३ जणांना वरच्या श्रेणीचे ५ लाख दिले असते, तरी बेरीज ७ कोटी १५ लाख होते. पुण्याचा एक क्रिकेट संघ १,७०० कोटींना विकला गेला, हे पाहता ही रक्कम किती छोटी आहे ते कळते. तरीही रोजंदारीवर घर चालणाऱ्या मुलासाठी एक लाख हा लहान आकडा नाही. या लीगने अनेक गरीब मुलांच्या हाती पहिल्यांदा स्वतःच्या खेळाची कमाई दिली. हे मान्य केलेच पाहिजे. आपली टीका लीग आली म्हणून नाही. ती अर्ध्याच समाजासाठी आली, म्हणून आहे.

धाराशिवच्या मुली कुठे होत्या?

त्या १४३ जणांत एकही मुलगी नव्हती. सहाही संघ पुरुषांचे होते.

आणि त्याच्या दोनच वर्षे आधी, २०२० साली, खो-खोला दोन दशकांहून अधिक काळाने अर्जुन पुरस्कार मिळाला होता, तो धाराशिवच्या सारिका काळे यांना. २०१६ च्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताच्या महिला संघाने सुवर्णपदक जिंकले, तेव्हा कर्णधार त्याच होत्या. घरची गरिबी अशी की, अनेक वर्षे दिवसाला एका वेळच्या जेवणावर भागवावे लागले, हे त्यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितले आहे. डॉ. चंद्रजित जाधव यांच्यासारख्या प्रशिक्षकाने जिल्ह्यात वर्षानुवर्षे खेळाडू घडवले. खेळाच्या जोरावर सारिका यांना शासकीय सेवेत तालुका क्रीडा अधिकाऱ्याचे पद मिळाले. म्हणजे त्यांना उभे केले ते आईवडिलांच्या घराने, प्रशिक्षकाने आणि शासकीय नोकरीतील खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणाने. बाजाराने नव्हे! बाजार आला, तेव्हा त्याच्या यादीत सारिका काळेंच्या वारसदारांसाठी रकानाच नव्हता.

हे खो-खोपुरते नाही. आयपीएल २००८ मध्ये सुरू झाली, महिलांची प्रीमियर लीग २०२३ मध्ये. मध्ये पंधरा वर्षे गेली. प्रो कबड्डी २०१४ ची. २०१६ मध्ये तीन संघांची महिलांची छोटी स्पर्धा दाखवली गेली आणि ती तिथेच थांबली. 'आधी पुरुषांची लीग स्थिरावू द्या, मग महिलांचे बघू,' हे उत्तर प्रत्येक वेळी मिळते. समाजातील प्रत्येक वंचित घटकाने हे वाक्य ऐकलेले आहे. आधी स्वातंत्र्य, मग सामाजिक प्रश्न. आधी विकास, मग वाटणी. वाटेकऱ्याचा क्रमांक नेहमी 'मग' मध्येच लागतो. खेळाडूचे उमेदीचे वय दहा वर्षांचे. पंधरा वर्षे थांबायला सांगणे म्हणजे एक संपूर्ण पिढी बाद करणे होय.

बाजाराला वाटत होते की मुलींचा खो-खो कोण पाहणार? उत्तर १९ जानेवारी २०२५ ला मिळाले. दिल्लीतील पहिल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात महाराष्ट्राच्या प्रियंका इंगळे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी नेपाळला ७८-४० असे हरवले. त्या संघात धाराशिवच्या अश्विनी शिंदेही होत्या. त्याच दिवशी पुरुषही जिंकले, ५४-३६ ने. मोठ्या फरकाने कोण जिंकले, हे आकडेच सांगतात.

आणखी एक गोष्ट नजरेआड होते. खो-खो हा गरिबाचा खेळ, कारण त्याला लागतात दोन खांब, चुन्याची फक्की आणि मोकळी जागा. पण लीग मॅटवर खेळली जाते आणि सूर मारणाऱ्याला जादा गुण देते. मॅटवर सूर मारता येतो, मुरमाड मैदानावर मारला तर गुडघे सोलतात. ज्या शाळेत मॅट नाही तिथली मुलगी हा नवा खेळ शिकणार कशी? आज मातीतून आलेली मुले-मुली जिंकत आहेत. दहा वर्षांनी मॅट परवडणाऱ्या शहरी अकादम्या जिंकतील आणि भूम, परंडा, लोहाऱ्याच्या जिल्हा परिषद शाळा टाळ्या वाजवतील. आपला खेळ आपल्या हातून असाच निसटतो. तो कोणी हिसकावून घेत नाही, फक्त महाग करून टाकतो.

मागणी काय?

केवळ खंत व्यक्त करून भागणार नाही. जाहीर मैदान आणि महासंघाची मान्यता या दोन गोष्टींशिवाय अशी कोणतीही लीग उभी राहू शकत नाही. या दोन्ही गोष्टी जनतेच्या आहेत, म्हणून अटी घालण्याचा अधिकारही जनतेचा आहे.

पहिली अट, महिलांचे संघ नसतील तर सरकारी संकुल मिळणार नाही. संघ तेवढेच, सामने तेवढेच, मोबदला तेवढाच. दुसरी, निवडलेल्या खेळाडूंची जिल्हानिहाय, लिंगनिहाय आणि सामाजिक प्रवर्गनिहाय आकडेवारी दर हंगामाला जाहीर करावी. मोजल्याशिवाय प्रतिनिधित्व कळत नाही आणि जे कळत नाही ते मागता येत नाही. तिसरी, लीगच्या उत्पन्नातील ठरावीक हिस्सा तालुक्याच्या मैदानांवर, जिल्हा परिषद शाळा, आश्रमशाळा आणि समाजकल्याणच्या वसतिगृहांतील मॅट, प्रशिक्षक आणि आहारावर खर्च झाला पाहिजे.

चौथी मागणी थेट सरकारकडे. ओडिशाला जे जमले ते महाराष्ट्राला का जमू नये? राज्याच्या मालकीचा संघ हवा आणि त्याचे घर धाराशिवला हवे. लहान शहराला संघ पेलतो का, असे विचारणाऱ्यांनी अमेरिकेतील ग्रीन बे या गावाकडे पाहावे. लोकसंख्या एक लाखाच्या थोडी वर. २०११ च्या जनगणनेत उस्मानाबाद शहराचीही जवळपास तेवढीच होती. त्या गावाचा 'पॅकर्स' हा फुटबॉल संघ १९२३ पासून कोणा धनिकाचा नाही, लोकांचा आहे. आज त्याचे पाच लाखांहून अधिक भागधारक आहेत. भागावर नफा मिळत नाही आणि एकाने किती भाग घ्यावेत यालाही मर्यादा आहे. त्यामुळे संघ कोणी विकू शकत नाही, दुसऱ्या शहरात नेऊ शकत नाही. आपल्याकडे सहकार होता. पण सभासद शेतकऱ्याचा आणि कारखाना चेअरमनचा, असे त्याचे झाले. ढोकीचा तेरणा कारखाना वर्षानुवर्षे बंद राहिलेला जिल्ह्याने पाहिला आहे. म्हणून नुसते 'लोकांचा संघ' म्हणून चालणार नाही, भागांवर मर्यादा आणि कारभारात खेळाडूंचे, महिलांचे, मागासवर्गीयांचे प्रतिनिधी हे घटनेतच लिहून घ्यावे लागेल.

चळवळीतील कार्यकर्त्यांनीही खेळाकडे 'पोरांचा विषय' म्हणून पाहणे सोडले पाहिजे. शाळाप्रवेश, शिष्यवृत्ती, नोकरी यांसाठी आपण लढतो, तसेच मैदानासाठीही लढावे लागेल. कारण नोकरीचा एक दरवाजा मैदानातून जातो, हे सारिका काळेंनी सिद्ध केले आहे. आपापल्या तालुक्यातील शाळेत खो-खोचे मैदान आहे का, मुलींचा संघ आहे का, त्यांना स्पर्धेला नेण्याचा प्रवासखर्च कोण देतो, एवढी माहिती प्रत्येक शाखेने गोळा केली तरी क्रीडा खात्यासमोर ठेवायला पुरेसा पुरावा तयार होईल.

लीगचे पहिले हंगाम यापुढेही होत राहतील. कोणी महिलांची लीग काढील, कोणी मराठवाड्याच्या नावाचा संघ विकत घेईल, रोषणाई होईल. तेव्हा चषकाचा फोटो छापण्याआधी निवडयादी मागवून वाचा. धाराशिवच्या मुलींनी अर्धपोटी राहून ज्या खेळाला नाव मिळवून दिले, त्या खेळाच्या यादीत त्यांचे नाव नसेल, तर तो हंगाम आपला नव्हे.